डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्या पडद्यावर: निवेदकाचे काय करायचे?

शाईदौत (मूळ धागा)

टेरी प्रॅचेट यांच्या 'हॉगफादर' या कादंबरीवरून केलेला दोन भागांचा दूरचित्रपट मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला आणि तो संपल्याबरोबर पुस्तकही पुन्हा वाचायला घेतले. दोन्ही गोष्टी पाठोपाठ झाल्यामुळे एक प्रश्न मनात घर करून बसला आहे, म्हणून हा धागा काढत आहे. कथानक तेच, माणसे तीच, बरेचसे संवादही तेच. तरीही पुस्तक वाचताना ज्या जागी मी मोठ्याने हसलो, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जागी पडद्यासमोर मी नुसता बसून होतो. असे का व्हावे?

ज्यांनी ही डिस्कवर्ल्ड मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. १९८३ साली 'द कलर ऑफ मॅजिक' प्रसिद्ध झाली आणि २०१५ मध्ये, प्रॅचेट यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, 'द शेफर्ड्स क्राउन' ही एकेचाळिसावी आणि शेवटची कादंबरी आली. हे जग थाळीसारखे सपाट आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेले आहे आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत. कूर्म आणि दिग्गज लहानपणापासून ऐकलेल्या आपल्यासारख्या वाचकाला त्या जगात शिरताना परके वाटत नाही. पुढे मात्र तिथे पोस्ट खाते, वृत्तपत्र, बँक, पोलीस ठाणे, विद्यापीठ असे सगळे भेटत जाते आणि आपण आपल्याच जगाविषयी वाचत आहोत हे हळूहळू ध्यानात येते.

माझे म्हणणे असे आहे की या कादंबऱ्यांतले सर्वांत विनोदी पात्र म्हणजे स्वतः निवेदक. तो गोष्ट सांगता सांगता थांबतो, बाजूला वळतो, एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर तळटीप देतो आणि त्या तळटिपेत मुख्य मजकुरापेक्षा मोठा विचार ठेवून पुन्हा काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने गोष्टीकडे परततो. पडद्यावर आणताना कथानक उचलले जाते, पात्रांना वेशभूषा मिळते, शहर उभे राहते आणि हा माणूस मात्र पुस्तकातच राहून जातो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मध्ये शहराच्या पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स बुटांचा हिशोब मांडतो. त्याचा पगार महिन्याला अडतीस डॉलर. चामड्याचा खरोखर चांगला जोड पन्नास डॉलरला मिळतो. त्याला परवडतो तो दहा डॉलरचा जोड एखाद-दोन हंगाम टिकतो आणि मग आतला पुठ्ठा विरून पाणी आत येऊ लागते. पन्नास डॉलर एकदम काढू शकणाऱ्याचे पाय दहा वर्षांनंतरही कोरडे असतात. तेवढ्या काळात गरिबाने बुटांवर शंभर डॉलर घातलेले असतात आणि त्याचे पाय तरीही ओलेच असतात. हे सगळे व्हाइम्सच्या मनात चालते. त्याच ओघात असेही कळते की तळवे इतके झिजलेले असल्यामुळे दाट धुक्याच्या रात्री नुसत्या पायाखालच्या फरसबंदीवरून आपण शहरात नेमके कुठे आहोत हे तो ओळखू शकतो. आता कॅमेऱ्याला झिजलेला बूट दाखवता येईल, ओला मोजा दाखवता येईल, नटाचा थकलेला चेहराही दाखवता येईल. पण हसू आणि चीड या दोन्ही गोष्टी त्या हिशोबात आहेत, बुटात नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबांना सोसावी लागणारी महागाई मोजण्यासाठी जो निर्देशांक मांडण्यात आला, त्याला प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने व्हाइम्सच्या बुटांचे नाव दिले गेले. निवेदकाने जाता जाता सांगितलेला एक परिच्छेद इतका दूर पोहोचला, आणि पटकथाकार कात्री घेऊन बसला की पहिल्यांदा कापला जाणारा मजकूर नेमका हाच असतो.

पटकथा लिहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावले जाते की सांगू नकोस, दाखव. विनोदी कल्पनाविश्वाच्या (फँटसीच्या) बाबतीत हा सल्ला कितपत खरा आहे, यावर तुमची मते वाचायला आवडतील.

वळचण

धागा आवडला. पण सल्ला सरसकट चुकीचा ठरवण्याआधी एका रूपांतराची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तिथे निवेदक कापला गेलेला नाही, त्याला बसायला खुर्ची दिली आहे. विल्यम गोल्डमन यांची 'द प्रिन्सेस ब्राइड' ही कादंबरी १९७३ ची आणि तिच्यावरचा रॉब रायनर यांचा चित्रपट १९८७ चा. कादंबरीत गोल्डमन असा बहाणा करतात की मूळ पुस्तक मॉर्गनस्टर्न नावाच्या कुणा जुन्या लेखकाचे आहे आणि आपण फक्त त्यातला कंटाळवाणा भाग गाळून चांगला तेवढा ठेवत आहोत. मॉर्गनस्टर्न हा लेखक कधी अस्तित्वातच नव्हता. काय गाळले आणि का गाळले, हे सांगण्यासाठी ते मधे मधे गोष्ट अडवतात, आणि पुस्तकाची अर्धी गंमत त्या अडवण्यात आहे.

हे पडद्यावर कसे आणणार? पटकथाही गोल्डमन यांनीच लिहिली आणि त्यांनी सगळा बहाणा बाजूला ठेवून एक आजारी नातू आणि त्याला पुस्तक वाचून दाखवणारे आजोबा आणले. राजकन्या रात्रीच्या समुद्रात उडी मारते, किंचाळणारे प्रचंड मासे तिच्या जवळ येतात, एक तर जबडा उघडून अगदी अंगावर येतो, आणि ऐन त्या क्षणी चित्र थांबवून आजोबा पुस्तकातून मान वर करून नातवाला सांगतात की या वेळी तिला काही होत नाही. मुलाच्या चेहऱ्यावर भीती दिसली म्हणून त्यांनी सांगितले. मुलगा अर्थातच आपण घाबरलो नव्हतो असे म्हणतो. इथे सांगणे आणि दाखवणे एकाच प्रसंगात मिसळले आहे. गोष्ट अडवणारा आवाज टिकला, फक्त त्याला चष्मा, टोपी आणि नातू मिळाला. कादंबरीतली ओळ न् ओळ जपण्यापेक्षा तिची अडवण्याची खोड जपणे महत्त्वाचे, असे मला या चित्रपटावरून वाटते.

पाणकणीस

वळचण यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, शाईदौत यांच्या निष्कर्षाशी पूर्ण नाही. प्रॅचेट यांचा विनोद फक्त निवेदकाच्या तोंडी आहे असे म्हटले तर संवादांवर अन्याय होतो. 'विअर्ड सिस्टर्स' ची सुरुवात आठवा. विजा कडाडताहेत, माळावर वारा घोंगावतो आहे, तीन चेटकिणी शेकोटीभोवती बसल्या आहेत. एक जण शेक्सपिअरच्या नाटकातल्यासारखा भयाण प्रश्न विचारते की आपण तिघी पुन्हा कधी भेटायचे, आणि थोड्या शांततेनंतर दुसरी अगदी घरगुती आवाजात सांगते की तिला येत्या मंगळवारी जमण्यासारखे आहे. यासाठी निवेदक लागत नाही, दोन आवाज पुरतात.

'हॉगफादर' मधलाच एक प्रसंग घ्या, कारण धागा तिथून सुरू झाला आहे. हॉगफादर म्हणजे त्या जगातला सांताक्लॉज. तो नाहीसा झाल्यामुळे खुद्द मृत्यू (या कादंबऱ्यांत तो एक पात्र आहे) लाल झगा, खोटी दाढी आणि पोटाला उशी बांधून त्याचे काम करायला निघतो. एका मोठ्या दुकानात मुले रांग लावून त्याच्यापुढे येत असतात. एक मुलगी तलवार मागते आणि तो तिला खरीखुरी तलवार देतो. आई हबकते. त्यावर त्याचे उत्तर असे की वस्तू शैक्षणिक आहे. तिला कापले तर काय, असे विचारल्यावर तो म्हणतो की तोही एक महत्त्वाचा धडा ठरेल. चित्रपटात हा प्रसंग पुस्तकाइतकाच, किंबहुना अधिक रंगतो, कारण कवटीच्या चेहऱ्यावर भाव उमटू शकत नाहीत. नटाने कितीही गंभीर राहायचे ठरवले तरी डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलतेच. इथे हलायला काही नाहीच. इयन रिचर्डसन यांचा तो थंड, सभ्य, किंचितही घाई नसलेला आवाज आणि समोर स्थिर कवटी, एवढ्यावर सगळा प्रसंग उभा आहे.

आणि शेवटचा संवादही पाहा. मृत्यू नातीला, सुझनला, समजावतो की हॉगफादर आणि दात नेणारी परी या लहान खोट्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा सराव माणसाने करायचा असतो, कारण पुढे न्याय, दया, कर्तव्य अशा मोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा असतो. सारे विश्व कुटून त्याची वस्त्रगाळ पूड केली तरी तीत न्यायाचा एक कणही सापडणार नाही, आणि तरीही माणसे तो असल्यासारखी वागतात. मी हे पहिल्यांदा पडद्यावर ऐकले, पुस्तक नंतर वाचले. डोळ्यांत पाणी आले ते पडद्यासमोर.

करवंदीची जाळी

माझी तक्रार निवेदकाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. २०२१ मध्ये बीबीसी अमेरिकाने 'द वॉच' ही आठ भागांची मालिका आणली. श्रेयनामावलीत ती प्रॅचेट यांच्या पात्रांवरून स्फुरलेली असल्याचे म्हटले होते, रूपांतर म्हटले नव्हते. आणि लेखकाच्या कन्या ऱ्हियाना प्रॅचेट यांनी मालिका येण्यापूर्वीच तिचे आपल्या वडिलांच्या पुस्तकांशी काही रक्ताचे नाते उरलेले नाही असे उघडपणे म्हटले होते. मी तरीही पूर्ण पाहिली. रिचर्ड डॉर्मर यांचा व्हाइम्स मेहनतीने उभा केलेला होता. शहराला दिलेले पंक वळणही मी स्वीकारले असते.

जे मला सोसले नाही ते लेडी सिबिलचे. पुस्तकातली सिबिल मध्यमवयीन आहे, धिप्पाड आहे, शहरातली सर्वांत श्रीमंत बाई आहे आणि आजारी दलदली ड्रॅगन पाळते. ते ड्रॅगन सतत पोट बिघडून स्फोट होण्याच्या बेतात असतात म्हणून तिचे केस जळून गेलेले असतात आणि ती विग घालते. व्हाइम्स हा पिऊन गटारात पडणारा, स्वतःवरचा विश्वास उडालेला पोलीस आहे. 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) मध्ये या दोघांचे जुळते. दोघेही तरुण नाहीत, देखणे नाहीत, आणि लेखक त्यांच्यावर एकदाही हसत नाही. कल्पनाविश्वाच्या कादंबऱ्यांत प्रेम करण्याचा हक्क बहुधा राजपुत्रांना आणि एल्फ कन्यांना असतो. प्रॅचेट यांनी तो या दोघांना दिला. मालिकेत सिबिल तरुण, सडसडीत आणि शस्त्र चालवणारी झाली. अभिनेत्री कोणत्या वंशाची आहे यावर इंटरनेटवर जो गदारोळ झाला त्यात मला भाग घ्यायचा नाही, तो मुद्दा माझ्या लेखी गौण आहे. पन्नाशीच्या जवळ आलेल्या एका स्थूल बाईला नायिका म्हणून पाहण्याची आमची संधी काढून घेतली, हे मला लागले.

शाईदौत

करवंदीची जाळी, तुमचा मुद्दा मनापासून पटला. माझ्या मूळ लेखात हा विचार आलाच नव्हता. पाणकणीस, तलवारीच्या प्रसंगाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण तो प्रसंग जिथे संपतो तिथून माझा प्रश्न सुरू होतो. संवाद पडद्यावर जातात, हे मान्य. दोन संवादांच्या मधली जागा जात नाही.

गंमत म्हणजे, 'हॉगफादर' मध्ये खेळणी बनवणारा म्हणून, 'द कलर ऑफ मॅजिक' मध्ये खगोलाचा अभ्यासक म्हणून आणि 'गोइंग पोस्टल' मध्ये पोस्टमन म्हणून, असे तिन्ही दूरचित्रपटांत खुद्द प्रॅचेट छोट्या भूमिकांत दिसतात. मी दर वेळी त्यांना पाहून आनंदतो आणि दर वेळी वाटते की या माणसाला चौकटीत उभे केले, तसेच बोलतेही ठेवायला हवे होते.

ज्यांनी फक्त कानांसाठी काम केले त्यांना हे अधिक चांगले कळले असावे. पेंग्विनने २०२२ पासून या कादंबऱ्यांची नवी ध्वनिमुद्रणे आणली. त्यांत प्रत्येक उपमालिकेला वेगळा वाचक आहे, मृत्यूचा आवाज सगळीकडे पीटर सेराफिनोविच यांचा आहे आणि तळटिपा वाचायला बिल नाय यांना स्वतंत्र बोलावले आहे. वाचन चालू असताना मधेच दुसरा माणूस येऊन शांतपणे चार वाक्ये बोलतो आणि निघून जातो. तळटीप म्हणजे खालच्या बाजूचा बारीक टाइप एवढेच नव्हे, तो दुसऱ्या दिशेने येणारा आवाज आहे, हे मला ते ऐकताना उमगले.

डग्लस ॲडम्स यांच्या 'हिचहायकर्स गाइड' ची गोष्टही याच वाटेने जाते. ती कल्पनाविश्वापेक्षा विज्ञानकथेच्या अंगाने जाणारी असली तरी भावकी एकच. ती १९७८ मध्ये आधी बीबीसी रेडिओवर आली, कादंबरी त्यानंतर. त्यामुळे निवेदक सुरुवातीपासून गोष्टीतली एक वस्तूच होता: बोलणारे प्रवासी मार्गदर्शक पुस्तक. १९८१ च्या दूरचित्रवाणी मालिकेत पीटर जोन्स यांचा तोच आवाज ठेवून त्याच्याबरोबर पडद्यावर हिरवी-निळी अक्षरे आणि आकृत्या उमटत राहतात. ती चित्रे संगणकाची वाटतात, पण ती हाताने काढलेली होती. २००५ च्या चित्रपटाबद्दल पुष्कळ तक्रारी करता येतील, तरी स्टीफन फ्राय यांच्या आवाजातले पुस्तक बोलू लागले की घरी आल्यासारखे वाटते.

तिरपी रेघ

मी उपजीविकेसाठी मराठी सबटायटल लिहिते, त्यामुळे या धाग्यात एका फार बारीक गोष्टीची भर घालते. प्रॅचेट यांचा मृत्यू पुस्तकात अवतरणचिन्हांशिवाय आणि सगळ्या मोठ्या अक्षरांत, म्हणजे कॅपिटलमध्ये बोलतो. इंग्रजी वाचकाला आवाजाचे वर्णन वाचावेच लागत नाही, डोळ्यालाच तो ऐकू येतो. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. मग मराठीत हा माणूस बोलणार कसा?

हे काम मला कुणी दिलेले नाही, पण आवडीपोटी त्यांच्या 'मॉर्ट' या कादंबरीची सुरुवातीची काही पाने मी मराठीत करून पाहिली. ठळक टाइप वापरला तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखे दिसते आणि मृत्यू ओरडतो आहे असे वाटते. तो कधीच ओरडत नाही. शिरोरेषा काढून लिहून पाहिले, दिसायला फार सुंदर, पण दोन ओळींनंतर वाचवेना. शेवटी लक्षात आले की टाइपात शोधते आहे ते भाषेत आहे. आपण मराठीत बोलताना वाक्यावाक्याला 'ना', 'हं', 'बरं का', 'अगं', 'की' लावतो, त्यानेच बोलण्याला माणसाचा स्पर्श येतो. मृत्यूच्या बोलण्यातून ते सगळे काढून टाकले. आईने म्हणावे, "अहो, पण ती खरी तलवार आहे ना!" आणि त्याने म्हणावे, "ही तलवार आहे. ती खोटी असू शकत नाही." एवढ्यानेच तो वेगळा ऐकू येऊ लागला.

दुसरा पेच संबोधनाचा. त्याने राजाला 'आपण' म्हणावे आणि भिकाऱ्याला 'तू'? मी सगळ्यांना 'तू' ठेवले, कारण त्याच्या दारी कुणाचा हुद्दा चालत नाही. मात्र त्यात उद्धटपणा येतो की काय, ही शंका अजून आहे. एक सोय तेवढी आपल्याकडे आयती आहे: मृत्यू हा शब्द मराठीत पुल्लिंगी आहे. फ्रेंचमध्ये तो स्त्रीलिंगी असल्यामुळे तिथल्या अनुवादकाला पहिल्याच पानावर अडखळावे लागते.

वळचण

तिरपी रेघ, 'तू' च ठेवा. आपण विठ्ठलाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो. मराठीत 'तू' फक्त खालच्या माणसासाठी नसतो, जिथे मधे काही आड उरलेले नाही तिथेही तोच येतो. तुमच्या मृत्यूच्या तोंडी तो शोभेल.

पाणकणीस

तिरपी रेघ यांचा प्रतिसाद वाचून 'गुड ओमेन्स' विषयी लिहावेसे वाटले, कारण तिथे निवेदकाला आवाज दिला आणि तरीही मला पूर्ण समाधान मिळाले नाही. प्रॅचेट आणि नील गेमन यांची ही १९९० ची कादंबरी. २०१९ च्या सहा भागांच्या मालिकेत निवेदन देवाच्या आवाजात आहे आणि तो आवाज फ्रान्सिस मॅकडॉरमंड यांचा आहे. युक्ती चतुर आहे, हे नाकारत नाही. पण पुस्तकातला निवेदक देव नाही. तो माणसांकडे पाहून चकित होणारा, त्यांच्या मूर्खपणावर चिडणारा आणि त्यांच्या चांगुलपणाने हेलावणारा कुणीतरी आहे. तेच वाक्य सर्वज्ञ देवाच्या तोंडी गेले की चकित होणे उरत नाही, कारण तिला सगळे आधीच ठाऊक आहे. शब्द तेच राहिले आणि ते म्हणणारा मात्र बदलला.

२०२३ च्या दुसऱ्या पर्वात ते निवेदन काढून टाकले. कथाही पुस्तकात नसलेली होती. सगळा भार मायकल शीन आणि डेव्हिड टेनंट यांच्यावर आला आणि त्यांनी तो पेलला, पण मला ते पर्व दोन उत्तम नटांचे वाटले, त्या पुस्तकाचे नाही.

आडवाट

इतका वेळ नुसता वाचत होतो. 'गोइंग पोस्टल' चा उल्लेख एका ओळीत येऊन गेला, म्हणून लिहितो. मी स्वतः टपाल खात्यात तीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे या कादंबरीवर माझा जीव आहे. मॉइस्ट फॉन लिपविग हा भामटा फासावरून परत आणला जातो आणि त्याला बंद पडलेले पोस्ट खाते चालवायला दिले जाते. इमारतीत वर्षानुवर्षे न वाटलेल्या पत्रांचे ढीग छतापर्यंत लागलेले आहेत.

पुस्तकात त्याच्यावर नजर ठेवणारा गोलेम, म्हणजे मातीचा चालताबोलता पुतळा, त्याला एक आकडा सांगतो. तू कधी शस्त्र उचलले नाहीस, पण तुझ्या फसवणुकींनी धंदे बुडवले, लोकांच्या तोंडचा घास गेला, आणि हिशोब केला तर तू २.३३८ माणसे मारली आहेस. दशांश चिन्हापर्यंत मोजलेला हा आकडा वाचून मी आधी हसलो आणि मग पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. २०१० च्या चित्रपटात त्या साठलेल्या पत्रांमधून लिपविगला त्याने बुडवलेल्या माणसांची दृश्ये दिसू लागतात. दशांशाला चेहरे मिळाले. शाईदौत विचारतात की बुटांचा हिशोब पडद्यावर कसा आणायचा. मला वाटते त्याचे एक उत्तर या चित्रपटाने शोधले होते. हसू थोडे कमी झाले हे खरे, पण आच तशीच राहिली.

या कादंबरीत तारायंत्रासारखे मनोरे आहेत, त्यांना क्लॅक्स म्हणतात. मनोऱ्यावर काम करताना मेलेल्या माणसाचे नाव त्याचे सोबती एका खुणेसह तारेत सोडतात आणि ते नाव मनोऱ्यामनोऱ्यांतून फिरत राहते, कारण नाव उच्चारले जाते तोवर माणूस पुरता गेलेला नसतो. २०१५ मध्ये प्रॅचेट गेल्यावर वाचकांनी तीच खूण घालून त्यांचे नाव संकेतस्थळांच्या अदृश्य शीर्षओळींत सोडले आणि आजही ते अनेक ठिकाणी फिरते आहे. हे रूपांतर कुणी निर्मात्याने केलेले नाही, त्यासाठी नट लागला नाही की कॅमेरा लागला नाही. मला ते सर्वांत इमानदार वाटते.

करवंदीची जाळी

आडवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाचकांच्या कामाचा विषय निघाला आहे म्हणून सांगते, 'ट्रोल ब्रिज' हा लघुपट मिळाला तर पाहा. कोहेन नावाचा म्हातारा योद्धा पुलाखालच्या ट्रोलशी, म्हणजे राक्षसाशी, लढायला येतो आणि लढण्याऐवजी दोघे जुन्या दिवसांविषयी बोलत बसतात, एवढीच गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या चाहत्यांनी वर्गणी जमवून, पंधराहून अधिक वर्षे खपून तो २०१९ मध्ये पूर्ण केला. त्यातला ट्रोल पाहताना कुठेही घाई दिसत नाही.

वळचण

अवांतर होईल, पण थोडक्यात लिहितो. निवेदक प्रसंगात उभा राहिला तर प्रेक्षक गोंधळेल, ही भीती इंग्रजी पटकथाकारांना असेल. आपल्या प्रेक्षकाला सूत्रधाराची सवय आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली तेव्हा चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडासाठी वेगळा नट घेतला नाही. सांगणारा एकटा उभा राहिला आणि चाळ त्याच्या आवाजातून दिसली. तिथे निवेदक टिकवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्याखेरीज रंगमंचावर दुसरे कुणी नव्हते.

शाईदौत

वळचण, हे अवांतर मुळीच नाही. आडवाट, २.३३८ चा प्रसंग मी विसरलो होतो आणि त्याची तुम्ही आठवण करून दिल्यावर मूळ लेखातले माझे एक वाक्य मागे घ्यावेसे वाटते. हिशोब पडद्यावर जात नाही असे मी धरून चाललो होतो. तो जातो, पण त्यासाठी कुणाला तरी बसून ठरवावे लागते की या आकड्यामागे नेमके काय दुखते आहे. 'द कलर ऑफ मॅजिक' मध्ये तसे कुणी ठरवलेले दिसत नाही. तिथे पहिल्या दोन कादंबऱ्या एकत्र करून प्रसंगामागून प्रसंग उरकले आहेत. शेकडो पायांवर धावणारी ती ट्रंक फार सुरेख आहे, डेव्हिड जेसन यांचे रिन्सविंडच्या भूमिकेवरचे प्रेमही दिसते, पण हा पळपुटा जादूगार साठी उलटलेला दाखवल्यामुळे त्याच्या पळण्यातली हतबलता दमछाकीत बदलते.

एक अनुभव सांगतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने 'द अमेझिंग मॉरिस' हा २०२२ चा ॲनिमेशनपट आधी पाहिला आणि पुस्तक आता आम्ही रोज रात्री थोडे थोडे वाचतो. मी इंग्रजी वाक्य वाचतो आणि लगेच मराठीत सांगतो. चित्रपटात मॅलिशिया ही मुलगी मधे मधे थेट प्रेक्षकांकडे वळून गोष्ट कशी रचतात ते समजावते. पुस्तकात तसे नाही. तिथे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मिस्टर बन्सी नावाच्या सशाच्या बालपुस्तकातला एक उतारा येतो, आणि शहाणे झालेले उंदीर त्या पुस्तकाला धर्मग्रंथासारखे जपत असतात. मुलीने तिसऱ्या रात्री विचारले, "बाबा, मॅलिशिया आपल्याशी बोलायला कधी येणार?" मी सांगितले की पुस्तकात ती तशी येत नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग हे सगळं आपल्याला कोण सांगतंय?"

मी तिला तेव्हा लेखकाचे नाव सांगितले. काल रात्री वाचायला बसलो तेव्हा तिने स्वतःच पुस्तक उलटे करून मागच्या पानावरचा त्यांचा टोपीतला फोटो पाहिला, पुस्तक पुन्हा सरळ करून माझ्या हातात दिले आणि उशीला टेकून म्हणाली, "हं, सांगा."